तारांखालचा कापूस

खुशालराव ढोक्यांनी बेस गिटार घरी आणली आणि पहिल्याच दिवशी ती पुसून काढली. पुढचं सगळं रामायण या पुसण्यातून घडलं, पण पुसताना माणसाला असं कुठे वाटतं. खुशालराव अमरावतीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घरात येणारी कुठलीही वस्तू, मग ती भाजी असो, फाइल असो की लग्नाची पत्रिका असो, आधी पुसायची आणि मगच जागेवर ठेवायची असा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे त्यांच्या घरात धूळ नव्हती, आणि कचेरीत त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या फेरीत पुढे गेला नव्हता.

गिटार होती अब्दुल गफ्फार यांची. गफ्फारभाई अकोल्याच्या जठारपेठेत गाद्या-रजया भरायचे, पिढीजात पिंजारी, आणि कार्यक्रम असला की ‘गुलबहार ऑर्केस्ट्रा’त बेस वाजवायचे. मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी ते गेले. गिटारीचा लाल रंग कोपर टेकायच्या जागी घासून लाकूड उघडं पडलं होतं. चार जाड तारा काळवंडल्या होत्या, आणि त्या बुडाशी जिथे अडकवलेल्या असतात तिथे, तारांच्या खाली, कळकट कापसाचा एक बोळा दाबून बसवला होता. खुशालरावांनी तो चिमट्याने ओढून काढला. चांगला मूठभर निघाला. जन्मभर कापसात बसलेल्या माणसाच्या वस्तूत कापूस निघायचाच, असं म्हणत त्यांनी तो खिडकीबाहेर टाकायला हात लांब केला, तर त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, तो वरच्यावर काढून घेतला. त्यांनी तो धुतला, वाळवला आणि देवापुढे लावायला त्याच्या अकरा वाती वळल्या.

गिटार फुकट मिळाली नव्हती आणि विकतही मिळाली नव्हती. ती अटीवर मिळाली होती. वीस मेला गफ्फारभाईंच्या मुलीचं, नगमाचं लग्न होतं. “तुझ्या लग्नात दुसरं कोनी नाई, मीच वाजवीन,” असं ते मुलीला लहानपणापासून सांगत आलेले, आणि नेमके सात महिने आधी निघून गेले. त्यांच्या बायकोने, अनीसाभाभींनी, गिटार खुशालरावांच्या हातात दिली आणि सरळ सांगितलं, “कोन वाजवते त्याच्याशी मले घेनं नाई, खुशालभाऊ. आवाज त्याइचा पाह्यजे. नाई जमलं तर वापस आना. मंग ते कोनीच नाई वाजवनार.”

खुशालरावांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. त्या छातीच्या आत काय होतं ते इथेच सांगून टाकलेलं बरं. अकोल्याला नोकरीत असताना आणि नंतर बदली झाल्यावरही, अशी एकूण अठरा वर्षं खुशालराव गुलबहारमध्ये बेस वाजवायला होते. पत्रिकेवर त्यांचं नाव सगळ्यात शेवटी असायचं आणि नावापुढे कंसात ‘राखीव’ असं छापलेलं असायचं. गफ्फारभाईंना ताप आला तर खुशालराव वाजवणार. अठरा वर्षांत गफ्फारभाईंना दोनदा ताप आला, आणि त्यातल्या एका वेळी कार्यक्रमच रद्द झाला. उरलेली वर्षं खुशालरावांनी ॲम्प्लिफायर उचलून गाडीत ठेवला, गाडीतून काढला, आणि माइक मोजले. गफ्फारभाई फार भले माणूस होते, पण भल्या माणसाची तब्येतही इतकी भली असू नये, असं खुशालरावांच्या मनात एकदोनदा येऊन गेलं होतं. ते आता आठवलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटे.

तर पुसलेली गिटार त्यांनी ॲम्प्लिफायरला जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. आवाज निघाला तो टणक, लांबलचक, स्टीलच्या ताटावर चमचा पडावा तसा. गफ्फारभाईंचा आवाज वेगळा होता. तो आखूड होता, जाड होता, कानात न शिरता सरळ पोटात जायचा आणि तिथे बसायचा. खुशालरावांनी टोनचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. काही फरक पडेना. मग त्यांनी निदान केलं की तारा म्हाताऱ्या झाल्या, नव्या बसवल्या पाहिजेत, आणि प्रश्न फक्त किती जाडीच्या एवढाच आहे.

हा प्रश्न त्यांनी भिंतीपलीकडच्या पुंजारामजींना विचारला. पुंजारामजी वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. तारेवर बोलायला या माणसाला आमंत्रण लागत नसे. ते घरातून एक गोल पोलादी चकती घेऊन आले. तिच्या कडेला खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेवर नंबर. गफ्फारभाईंची जाड तार त्यांनी एकेका खाचेत घालून पाहिली, चष्मा वर केला आणि निकाल दिला, बारा नंबर. बारीक तार अठरा नंबर. तीस वर्षं मंडळात काढली आहेत, यात केसाचा फरक निघाला तर नाव सांगणार नाही, असंही म्हणाले. खुशालरावांनी अकोल्याच्या वाद्यांच्या दुकानदाराला फोन करून बारा नंबरपासूनचा संच मुंबईहून मागवायला सांगितला.

संच यायला आठ दिवस होते. मधल्या काळात कचेरीतल्या एकाने, ज्याचा साडू पुण्याला गिटार वाजवतो, सांगितलं की जुन्या तारा उकळल्या की नव्यासारख्या होतात. खुशालरावांनी त्या कपडे धुवायच्या पावडरीसह कुकरमध्ये घातल्या. तिसरी शिटी झाली तेव्हा दुर्गाबाई मंदिरातून आल्या. वरण शिजतंय असं समजून त्यांनी झाकण काढलं आणि आत बघितलं. मेलेल्या माणसाच्या तारा वरणाच्या कुकरात शिजवणारा माणूस आपल्याच नशिबी का आला, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो कुकर नंतर चिंचेने तीनदा घासला गेला. तारा मात्र खरंच चमकल्या, आणि पहिल्यापेक्षा जास्त टणटणू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली जाड तार पिळता पिळता तुटली.

मग संच आला. पाकिटातून निघाल्या त्या केसासारख्या बारीक सहा तारा. पुंजारामजींच्या चकतीत नंबर वाढला की तार बारीक होते. गिटारवाल्यांच्या हिशोबात नंबर वाढला की तार जाड होते, आणि त्यांचा बारा म्हणजे साध्या गिटारची सगळ्यात बारीक तार. बेसला पाहिजे असतो तो एकशेपाच. दुकानदाराने बारा मागितला, बारा पाठवला, त्याची काही चूक नव्हती. उरलेल्या तीन जुन्या तारा उतरवून त्या लावून पाहिल्या तर वीतभर अपुऱ्या पडल्या. पुंजारामजींनी सगळा दोष मुंबईच्या लोकांवर ठेवला आणि चकती खिशात घालून घरी गेले.

म्हणजे बावीस एप्रिलच्या रविवारी गिटारीवर एकही तार नव्हती. हे नीट लक्षात ठेवायला पाहिजे, कारण खुशालरावांनीही पुढे ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. एकपासून लोडशेडिंग. कूलर बंद, पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अमरावतीच्या उन्हाळ्यात दुपारी जी शांतता पडते ती रात्रीला कधी जमत नाही. रात्री निदान कुत्री तरी भुंकतात. दुर्गाबाई फरशीवर पाणी शिंपडून आडव्या झाल्या होत्या. खुशालराव भिंतीला टेकून बसले होते, समोर खुंटीला गिटार टांगलेली. घड्याळात चार वाजले आणि आवाज आला.

धुम्म. मग श्वासभर थांबून दोन हलके, धुम् धुम्. पुन्हा धुम्म.

आवाज कुठून आला हे सांगता येत नव्हतं. तो फरशीतून मांडीत आला, मांडीतून पोटात, आणि तिथे बसला. खुशालरावांनी गिटारीकडे पाहिलं. लाकडावर नुसत्या खुंट्या होत्या, तारांच्या जागी हवा. दुर्गाबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, “आयकलं का? कोनी कापूस पिंजून राहिलं वाटते.” खुशालराव म्हणाले, बाजूला कुणीतरी सळाखी ठोकत असेल. दोघांनाही माहीत होतं की या उन्हात सळाखी ठोकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पाव तासाने आवाज थांबला. देवापुढचा दिवा मात्र त्या पाव तासात, पंखा बंद असताना, एका बाजूला झुकून जळत होता.

त्यानंतर तो रोज चारला येऊ लागला. कचेरीत असले तरी खुशालरावांना चार वाजले की पोटात कळायचं. पुंजारामजींनी भिंतीला कान लावून निदान केलं की अर्थिंग खराब आहे. लाइट नसताना अर्थिंग कसं वाजेल, असं विचारल्यावर त्यांनी तो प्रश्न मंडळाबाहेरचा ठरवला. त्यांच्या घरच्या माणिकबाईंनी गिटारीवरून लिंबू उतरवून चौकात नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी लिंबू जाग्यावर होतं आणि आवाजही जाग्यावर होता.

माणूस घाबरला की काय करतो? हातातलं काम आणखी जोरात करतो. खुशालराव पुढच्या शनिवारी स्वतः अकोल्याला गेले, दुकानदारासमोर बसून बोट लावून एकशेपाचचा संच मागवून घेतला, चपट्या वेटोळ्याच्या खास जाड तारा, आणि तीन मेला पुन्हा जाऊन, तो ताब्यात घेऊन एसटीने परत निघाले. वाटेत एका नाक्यावर पोलीस गाडीत चढले. त्या वर्षी शेतांमधून विहिरीवरच्या मोटारींच्या तारा रोज चोरीला जात होत्या. शिवाय रानडुकरांसाठी बांधावर करंट सोडायचं प्रमाण वाढलेलं, त्यात एक माणूस गेला होता. हवालदाराने खुशालरावांच्या पिशवीत हात घातला आणि जाडजूड तारेची चार वेटोळी बाहेर काढली. संपूर्ण एसटीने खुशालरावांकडे पाहिलं. एका म्हातारीने त्यांच्या शेजारून आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

खुशालराव म्हणाले, या वाजवायच्या तारा आहेत. हवालदार म्हणाला, वाजवून दाखवा. आता नुसती तार कशी वाजवून दाखवणार. पंचनामा झाला. ‘मुद्देमाल: तार, नग चार, वाजवण्याची असल्याचे आरोपी तोंडी सांगतो.’ एकवीस वर्षं निष्कलंक नोकरी केलेल्या माणसाचा सरकारी कागदावर आरोपी म्हणून उल्लेख झाला, आणि तोही चुकीच्या वाक्यरचनेत, याचं खुशालरावांना फार लागलं.

तारा सोडवायच्या तर शेती नसल्याचा दाखला आणा, असं ठाण्यात सांगितलं. शेती नाही म्हणजे बांध नाही, बांध नाही म्हणजे करंट सोडायचं कारण नाही, असा तो कायदा. खुशालराव तलाठ्याकडे गेले. शेतकऱ्यांना सरकारी मदत वाटायच्या पॅकेजचे दिवस होते. अख्खा वऱ्हाड तलाठ्याच्या दारात रांग लावून, आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करायला उभा होता. त्या रांगेत खुशालराव एकटेच आपण शेतकरी नाही हे सिद्ध करायला उभे राहिले. मागच्या माणसाने, चांदूर बाजारकडच्या एका थकलेल्या शेतकऱ्याने, त्यांचा अर्ज वाचून परत दिला आणि म्हणाला, “तुमचं बरं हाय बावा. तुमाले खरं बोलून भागते.”

तलाठी म्हणाला, आहे म्हणायचा नमुना आमच्याकडे आहे, नाही म्हणायचा नमुनाच नाही. मग त्याने अर्ज परत केला, कारण सोबत एक जोडपत्र कमी होतं. अर्ज परत करण्याची ती पद्धत, ते बोटाने ढकलणं, चष्म्यावरून न बघता बोलणं, खुशालरावांना फार ओळखीचं वाटलं. तिसऱ्या फेरीत दाखला मिळाला आणि नऊ मेला तारा सुटल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्या चढवल्या. इतक्या जाड की गिटारीची मान वाकते की काय असं वाटलं. छेडल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर हललं आणि पुंजारामजींच्या घरातून तांब्या पडल्याचा आवाज आला. आवाज मोठा होता, भारदस्त होता, पण लांबत जात होता, थांबायचं नाव घेत नव्हता. गफ्फारभाईंचा नव्हता. खुशालरावांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. जाडी बदलली, धातू बदलला, बटणं फिरवली. आता बदलायला वाजवणाराच काय तो उरला होता. अठरा वर्षं राखीव ठेवलं ते बरोबरच होतं, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते गिटार परत करायला जठारपेठेत गेले. दुकान पुढे आणि घर मागे. भिंतीवर गफ्फारभाईंची पिंजण टांगली होती, पुरुषभर लांबीचं लाकूड आणि त्याला ताणून बांधलेली आतड्याची जाड दोरी, तात. गावात पिंजायची मशीन आल्यापासून तिचा वापर कमी झाला, तरी गफ्फारभाई रोज थोडं हाताने पिंजायचेच. अनीसाभाभींनी पाणी दिलं. नगमा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. खुशालरावांनी गिटार पुढे ठेवली आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात भिंतीवरची तात थरारली.

धुम्म. धुम् धुम्.

खुशालरावांच्या हातातल्या पेल्यातलं पाणी गोल गोल हललं. अनीसाभाभींनी वळूनही पाहिलं नाही. “चार वाजले,” त्या म्हणाल्या. “त्याइचा कामाले बसायचा टाइम हाय हा. इथं रोजच येते. तुमच्या इकडं बी येते का?”

खुशालरावांनी मान हलवली. मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, चकती, कुकर, हवालदार, दाखला, आणि शेवटी हात जोडले. भाभींनी गिटार मांडीवर ओढली आणि बुडाशी तारांच्या खाली बोट घातलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं फिरलं.

“इथला कापूस कुठं हाय, खुशालभाऊ?”

“मी पुसली गिटार,” खुशालराव म्हणाले. आयुष्यात कधी इतक्या खालच्या आवाजात ते बोलले नव्हते.

भाभी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तारा साध्याच होत्या, कोणत्याही दुकानात मिळतात तशा, एकोणीस वर्षं बदलल्या नव्हत्या. कार्यक्रमाच्या दिवशी गफ्फारभाई मूठभर कापूस या पिंजणीवर पिंजायचे आणि तारांच्या खाली बसवायचे. जास्त दाबला तर आवाज मुका होतो, कमी दाबला तर टणटणतो. आणि कापूस गावरानी पाहिजे, आखूड धाग्याचा, राठ. नवा मऊ कापूस चालत नाही. तो बोळा त्यांनी शेवटच्या कार्यक्रमाला बसवला होता आणि तसाच राहिला होता.

खुशालराव गिटार उचलून मिळेल त्या एसटीने अमरावतीला घरी आले आणि त्यांनी त्या बोळ्याचं विचारलं. दुर्गाबाई म्हणाल्या, दहा वाती जळून गेल्या, ही शेवटची, आणि ही काही जळून संपतच नाही, नऊ दिवस झाले तेल घालते आहे. दोघांनी दिव्याकडे पाहिलं. वात जेवढी होती तेवढीच होती. दुर्गाबाईंनी देवाला आणि गफ्फारभाईंना, दोघांनाही, एकदमच हात जोडले.

एका वातीने बोळा होणार नव्हता, म्हणून गावरानी कापसाचा शोध सुरू झाला. अख्खा वऱ्हाड कापसावर जगतो आणि कापसावरच मरत होता त्या वर्षांत, पण मूठभर गावरानी कापूस कुठे मिळेना. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात हसले. चांदूर बाजारच्या बाजारात एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याचं बियाणंच आता कुणाच्या घरात नाही, सगळं बीटी झालं. खुशालरावांनी बीटीचा कापूस आणून तारांखाली घालून पाहिला. आवाज उशीत तोंड खुपसून बोलणाऱ्या माणसासारखा झाला. पुंजारामजींनी मेणकापड सुचवलं, नंतर सायकलची ट्यूब. खुशालरावांनी तेही करून पाहिलं, कारण त्यांच्यात आता नाही म्हणायची ताकद उरली नव्हती.

अठरा मेला ते पुन्हा जठारपेठेत गेले. या वेळी खरोखरच परत करायला. दारात मांडवाचे बांबू पडले होते. खुशालरावांनी गिटार भाभींच्या हातात दिली, शब्द पाळता आला नाही म्हणाले, आणि उठले. तेव्हा नगमा बाहेर आली. तिच्या मागे खोलीत, चादरीत गुंडाळून, नवी गादी उभी करून ठेवली होती. पिंजाऱ्याच्या लेकीची लग्नाची गादी बाप स्वतः भरतो, स्वतः शिवतो, आणि ती सासरी गेल्यावरच उलगडतात. त्याआधी तिचा टाका उसवणं म्हणजे बापाची गाठ उसवणं. गफ्फारभाईंनी आजारपणात, बसून बसून, घरातल्या शेवटच्या गावरानी कापसाची ती भरली होती. हे भाभींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि म्हणूनच त्यांनी ते तोंडातून काढलं नव्हतं.

नगमाच्या हातात कात्री होती. भाभी म्हणाल्या, “नगमा, नको.”

“अब्बानं मले दोन वचनं देल्ली होती,” नगमा म्हणाली. “गादीचं पाळलं. दुसऱ्यासाठी पहिल्यातलं थोडं घेतलं तर ते काही म्हननार नाई.”

तिने कोपऱ्याचे पाच टाके उसवले आणि मूठभर कापूस काढला. भाभींनी तोंड भिंतीकडे केलं होतं, त्यांचे खांदे हलत होते. कापूस राठ होता, पिवळसर, बोटाला खरखरणारा. खुशालरावांनी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला आणि रुमालात बांधला. ते अमरावतीला घरी पोचले तर दुर्गाबाई दारातच उभ्या होत्या. दुपारी दिवा आपोआप शांत झाला म्हणाल्या. वाऱ्याने नाही, तेल संपून नाही. कितीला, असं खुशालरावांनी विचारलं. कापूस त्यांच्या ओंजळीत पडला होता त्याच वेळेला.

वीस मेला सकाळी निकाह झाला, जेवणं झाली, काझीसाहेब विडा खाऊन गेले आणि मग मांडवात गुलबहारची मंडळी बसली. दुर्गाबाई आल्या होत्या. पुंजारामजीही आले होते, कारण तारेचं काम असताना त्यांना घरी ठेवणं शक्य नव्हतं. खुशालरावांनी कापूस तारांखाली घातला, दाबला, सोडला, पुन्हा थोडा दाबला, आणि जाड तार छेडली.

धुम्म.

मांडवातलं बोलणं थांबलं. ढोलकवाल्याने हात वर धरला तो तसाच राहिला. वाढपी पातेलं घेऊन जाताजाता उभा राहिला. अनीसाभाभी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटले. खुशालरावांना वाटलं, अठरा वर्षं आपण ज्यासाठी ॲम्प्लिफायर उचलला तो हाच दिवस. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि खरंच सांगायचं तर चांगलं वाजवलं, जन्मात वाजवलं नव्हतं एवढं चांगलं. गाण्यामागून गाणी झाली. त्यांच्या मनात पत्रिकेवरचा कंस हळूहळू पुसला जात होता.

चौथं गाणं अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. माइक गेला, कीबोर्ड गेला, पंखे घरघरत थांबले. जनरेटरवाला जेवायला बसला होता. खुशालरावांनी नेहमीच्या सवयीने तारांवरून हात काढले आणि कपाळाचा घाम पुसायला रुमाल घेतला. घड्याळात चार वाजले होते.

बेस चालू होता.

ढोलकवाला डोळे मिटून वाजवत होता आणि बेस त्याच्या बरोबर होता, पुढे नाही की मागे नाही. खुशालरावांनी खाली पाहिलं. त्यांच्या एका हातात रुमाल होता, दुसरा मांडीवर होता, आणि सगळ्यात जाड तार कापसाच्या वर थरथरत होती. ती थांबायची, दोनदा हलकी हलायची, पुन्हा जोरात. भीती वाटायला पाहिजे होती, पण गिटारीचं लाकूड छातीशी ऊबदार लागत होतं आणि त्यांना उलट आधार वाटला. नगमाने शालूचा पदर मागे सारून मान वर केली होती. अख्खा अंतरा असा गेला. मग तार हळूच थांबली, लाइट आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लोकांच्या काही लक्षात आलं नाही. येऊन येऊन सगळे एकच सांगत होते, डोळे मिटले तर गफ्फारभाईच वाजवून राहिले असं वाटलं. खुशालरावांचं नाव कुणी घेतलं नाही. पुंजारामजींनी तेवढं बारकाईने विचारलं, इन्व्हर्टर कुठे लावला होता, वायर दिसली नाही.

पाठवणीच्या वेळी गादी टेम्पोत चढवली. उसवलेला कोपरा भाभींनी पुन्हा शिवला होता. नगमा सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्यावर खुशालरावांपाशी आली. तिचे डोळे सुजले होते. कुणी विचारावं म्हणून खुशालरावांनी जन्मभर ज्याची वाट पाहिली, तो प्रश्न तिने त्यांना विचारला.

“चाचा, लाइट गेल्यावर बी तुमीच वाजवून राहिले होते ना?”

खुशालरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “नाई बेटा,” ते म्हणाले. “मी राखीव होतो.”

मग त्यांनी गिटार, कापसासकट, न पुसता, अनीसाभाभींच्या कपाटात ठेवली आणि ॲम्प्लिफायर उचलून गाडीकडे निघाले.